शिवणीच्या खाचेतून मशीन क्विल्टिंग, पहिल्यांदाच करताय तर

क्विल्टचा, म्हणजे तुकडे जोडलेल्या गोधडीचा, वरचा भाग जोडून झाला की आता पुढे काय, असं कुणालाही विचारा, हमखास एकच उत्तर येतं, अगं जोडाच्या शिवणीवरूनच मशीन मार, सगळ्यात सोप्पं तेच. मीही ऐकलं आणि बसले. सोप्पं वगैरे काही नाहीये हां ते. डिझाईन आखावं लागत नाही, खडू नको, पट्टी नको, एवढाच काय तो आराम. बाकी टाका खाचेतून जरासा जरी बाहेर आला तरी लगेच डोळ्यात भरतो, वेलबुट्टीत चूक खपून जाते तशी इथे खपत नाही. पण नीट जमलं ना तर वरून टाका दिसतच नाही, नुसते ठोकळे, म्हणजे जोडलेले चौकोन, फुगून वर आल्यासारखे दिसतात, आणि तेच छान वाटतं.

आधी खाच म्हणजे काय ते बघू कारण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन तुकडे जोडल्यावर मागची पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर उरलेली कापडाची कड, आपण इस्त्रीने एका अंगाला पाडतो. ज्या अंगाला माया गेली तिथे कापडाचे तीन पदर झाले, म्हणून ती बाजू उंच. दुसऱ्या बाजूला एकच पदर, ती सखल. बोट फिरवून बघा, पायरी लागते हाताला. सुई चालवायची ती सखल बाजूने, पण उंच कडेला अगदी खेटून. उंच बाजूवर चढली की टाका दिसलाच म्हणून समजा. आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री केली असेल तर या पद्धतीच्या नादी लागू नका, तिथे खाली कापडच नसतं, सुई थेट जोडाच्या दोऱ्यावर पडते आणि शिवण कमजोर होते. अशा वेळी शिवणीपासून पाव इंच सोडून बाजूने ओळ मारा, तीही छानच दिसते.

आता तीन थर लावणं. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, मशीनवर नाही. अस्तर, म्हणजे सगळ्यात खालचं कापड, आणि मधलं बॅटिंग, म्हणजे आतला मऊ जाड थर, वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी 3-4 इंच मोठं घ्या. अस्तराला इस्त्री करून उलटी बाजू वर ठेवून जमिनीवर चिकटपट्टीने लावा, सपाट आणि घट्ट, पण रबरासारखं ताणू नका नाहीतर पट्टी काढली की ते आक्रसतं आणि चुण्या पडतात. त्यावर बॅटिंग, त्यावर वरचा भाग. मग मधून सुरू करून बाहेर जात सेफ्टी पिना. किती लावायच्या? मूठ कुठेही टेकवली तरी खाली एक पिन आली पाहिजे, इतक्या. आणि पिना शिवणीपासून इंचभर लांब, बरं का. मी पहिल्या वेळी सगळ्या शिवणीलगत लावल्या होत्या आणि मग दर दोन मिनिटांनी मशीन थांबवून पिन काढत बसले, वैताग नुसता.

मशीनला वॉकिंग फूट लावा, यात काटकसर नको. साध्या फूटने काय होतं की खालचे दाते अस्तराला पुढे नेतात आणि वरचं कापड मागे रेंगाळतं, मग चौकाशी, म्हणजे जिथे उभी-आडवी शिवण एकमेकींना छेदते तिथे, येईपर्यंत त्याचा फुगा झालेला असतो. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात त्यामुळे वरखाली दोन्ही सोबत सरकतं. त्याचा जो दांडा असतो तो सुईच्या स्क्रूवर नीट बसलाय ना बघा, नाही बसला तर फूट चालतच नाही आणि आपण टेन्शनची चाकं फिरवत बसतो. सुई 90/14 नंबरची, टाका 3 मिमीच्या आसपास, दोरा कापडात मिसळून जाईल असा, रंग ठरतच नसेल तर राखाडी बरा. उरलेल्या तुकड्यांचे तसेच तीन थर करून त्यावर आधी टाका मारून बघा. बॉबीनचा दोरा वर ठिपक्यासारखा दिसला तर वरचं टेन्शन थोडं सैल करा, खाली वरच्या दोऱ्याचे फासे दिसले तर घट्ट.

पहिली ओळ मधली, उभी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिथून एका बाजूच्या उभ्या ओळी, क्विल्ट फिरवून दुसऱ्या बाजूच्या, नंतर आडव्या, आणि ठोकळ्यांच्या आतल्या छोट्या शिवणी सगळ्यात शेवटी. मशीनच्या आतल्या बाजूला येणारा भाग गुंडाळी करून सरकवा. उरलेलं टेबलावरून लोंबू देऊ नका, वजनाने ओढलं जातं आणि टाके बारीक होतात, डावीकडे एखादी खुर्ची लावली तरी पुरे.

सुरुवात करताना चाक हाताने फिरवून बॉबीनचा दोरा वर काढा, दोन्ही दोरे धरा, पहिले पाच-सहा टाके एकदम बारीक घाला. मग दोन्ही हातांची बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना ठेवून कापड हलकंच फाकवा, खाच जराशी उघडते, टाका आत पडतो आणि बोटं काढली की कापड मिटून तो झाकतं. हलकंच म्हणजे हलकंच, ओढायचं नाही. नजर सुईवर नको, इंचभर पुढे ठेवा, सायकल चालवताना आपण चाकाकडे बघतो का? सावकाश चालवा, आणि हात सरकवायला थांबलात की सुई खालीच राहू द्या.

चौकाशी गंमत होते. तिथे माया बहुतेक वेळा उलट बाजूला पाडलेली असते म्हणजे चौक ओलांडला की उंच बाजू बदलते. सुईलाही एखाद्या टाक्यात पलीकडे जावं लागतं, अशा वेळी पायडल सोडा आणि चाक हाताने फिरवा.

पहिली ओळ झाली की लगेच उलटून अस्तर बघा. मी नव्हतं बघितलं, चार ओळी मारल्या आणि मागे अंगठ्याएवढी चुणी प्रत्येक ओळीत शिवलेली. उसवायचं झालं तर मागून दर तिसरा-चौथा टाका कापा आणि वरून दोरा ओढा, सरळ निघून येतो. पण टाका एक-दोन धागे इकडेतिकडे गेला म्हणून उसवू नका, धुतल्यावर तो कुणाला सापडत नाही.

ठोकळे मोठे असतील तर बॅटिंगच्या पाकिटावर दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून मध्ये आणखी ओळी घाला. दोऱ्यांच्या टोकांना गाठ मारून हातसुईने बॅटिंगमध्ये ओढून घ्या. आणि बाहेरचं जादा अस्तर-बॅटिंग सगळ्या ओळी होईपर्यंत कापू नका, शिवता शिवता वरचा भाग थोडा पसरतो आणि कडेच्या ओळींना हाताने धरायलाही तेच लागतं.