बॅटरी घेण्याआधी एक रात्र मीटर वाचा

मोठ्या घराला सोलरसोबत बॅटरी किती लागेल, हे अंदाजाने ठरवलं की हमखास जास्तीची गळ्यात पडते.

मुलुंडच्या आमच्या बंगल्यात असं मोजलं. संध्याकाळी ७ ला एसी, गिझर आणि पंपाचे एमसीबी पाडले. फ्रिज, पंखे, दिवे, वायफाय चालू. मीटरच्या स्क्रीनवर आकडे बदलत राहतात, त्यातला केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा, टिपला. सकाळी ७ ला पुन्हा. फरक आला ४ युनिट. लिथियम बॅटरी ८० टक्केच वापरायची धरून ४ ला ०.८ ने भागलं: ५ युनिट. इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून किंचित मोठीच घ्या. मे महिन्यात मोजलंत तर उत्तम, पंखे रात्रभर फुल असतात.

मात्र सोलरचा साधा ऑन-ग्रिड (बाहेरच्या विजेला जोडून चालणारा) इन्व्हर्टर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतो. बॅकअपसाठी बॅटरी जोडता येणारा हायब्रिड हवा.