ड्रिल हातात घेण्याआधी: रिंगवाल्या पडद्यांची तयारी

पडदे विकत घेण्याआधी रॉड कुठे बसणार याची पेन्सिलची खूण भिंतीवर झालेली असू द्या. रिंगच्या, म्हणजे कापडातच बसवलेल्या रिंगांतून रॉड ओवायच्या पडद्यांच्या बाबतीत हा क्रम मी हट्टाने धरते, कारण या पडद्याला नंतर सावरून घ्यायला जागा नसते. हूकवाल्या पडद्याचा हूक एक घर वर-खाली करून अर्धा-पाऊण इंच जुळवता येतो. रिंग मात्र रॉडवर बसली की बसली, पडदा खाली जिथे संपायचा तिथेच संपतो.

तेव्हा सुरुवात टेपने. शिवणकामाची कापडी टेप नको, ती ताणली जाते. सुताराची लोखंडी टेप घ्या. खिडकीची किंवा दाराची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. उंचीही डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे मोजा. बाल्कनीकडे फरशीला उतार काढलेला असेल तर दोन आकड्यांत फरक येतोच. मापं कागदावर खोलीच्या नावासकट लिहा, आणि सगळी इंचांतच लिहा. फूट-इंच आणि सेंटिमीटर यांची खिचडी झाली की शिंप्याकडे घोटाळा ठरलेला.

हॉलमधून बाल्कनीत जाणारं एक नेहमीचं सरकतं दार घेऊ, ६ फूट रुंद आणि ७ फूट उंच. तयार पडदे खिडकीसाठी ५ फूट, दारासाठी ७ फूट आणि लांब दारासाठी ९ फूट अशा मापांत मिळतात, रुंदी बहुधा ४ फूट. सात फुटी दाराला सात फुटी पडदा हे ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब करून बघा. दार ८४ इंच. रॉड चौकटीच्या ६ इंच वर घेतला, म्हणजे रॉडची वरची कड जमिनीपासून ९० इंचांवर आली. रिंगच्या वर कापडाची सव्वा इंचाच्या आसपास पट्टी असते, ती रॉडच्या वर उभी राहते. म्हणजे ८४ इंची पडद्यातला पावणेत्र्याऐंशी इंचच खाली लोंबणार आणि जमिनीपासून सव्वासात इंच वरच थांबणार. दाराचा खालचा रूळ उघडा, बाहेरचा उजेड पायाशी पसरलेला. अशा दाराला लागतो सव्वानव्वद इंचांचा पडदा. यात खाली एक इंच मोकळा सोडलेला आहे, फरशी पुसताना कडा भिजू नये म्हणून. तो तयार मापात मिळत नाही. तेव्हा ९ फुटी घ्या आणि खालून कमी करून घ्या. चार इंचांची दुहेरी दुमड घातली की दहा इंच कापड उरतं, त्यातून पडदे बांधायचे पट्टे होतात. खालची दुमड जड असली की पडदा सरळ पडतो, म्हणून तिथे कापड वाचवायला जाऊ नका. छत साडेनऊ फुटांचं असेल तर दुसरा मार्ग आहे: रॉडच छताजवळ न्यायचा आणि ९ फुटी पडदा न कापता लावायचा. खोली उंच दिसते हे खरं, पण पडदा काढायला-घालायला दर वेळी घोडा (घडीची शिडी) लागतो, हेही लक्षात घ्या.

थोडक्यात, पडदा शिवून घेणार असाल तर रॉडवरून पडद्याचं माप ठरतं, आणि तयार पडदा न कापता लावायचा असेल तर पडद्यावरून रॉडची उंची ठरते. यांपैकी आपल्या घरी काय होणार आहे, ते आधी ठरवा.

खिडकीचं त्यामानाने सोपं. पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली सहा-आठ इंच गेला की पुरे. पलंग किंवा टेबल खिडकीला चिकटून नसेल तर मला स्वतःला जमिनीपर्यंतचेच आवडतात.

रुंदीत लोक फार कंजुषी करतात. रिंगच्या पडद्याचं सगळं रूप त्याच्या लाटांत आहे, आणि कापड कमी पडलं की लाटा राहत नाहीत, ताणलेली चादर दिसते. कापड रॉडच्या लांबीच्या निदान दीडपट हवं, दुप्पट असेल तर उत्तम. आपल्या ७२ इंची दाराला दोन्हीकडे आठ-आठ इंच धरून रॉड ८८ इंचांचा झाला. दुप्पट म्हणजे १७६ इंच, म्हणजे ४ फुटी चार पडदे, दोन इकडे आणि दोन तिकडे. दीडपटीने तीनमध्ये भागतं खरं, पण मधून उघडणाऱ्या दाराला तीन पडदे वाटायचे कसे? चारच घ्या. चार फुटी पडदा गोळा झाल्यावर पाऊण-एक फूट जागा खातो, म्हणून भिंत मोकळी असेल तिथे रॉड आठऐवजी बारा इंच बाहेर काढा. मग दिवसा पडदे बरेचसे काचेवरून बाजूला होऊन भिंतीवर जातात आणि उजेड कमी अडतो. पण त्याआधी बघा, त्या बाजूला एसी आहे का, कपाटाचं दार तिथे उघडतं का, स्विचबोर्ड पडद्याआड जातो का.

आता कापड. शिवून घ्यायचं असेल तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४८ इंच आणि ५४ इंच दोन्ही मिळतात, आणि सगळा हिशेब त्यावर फिरतो. सुती कापड असेल, विशेषतः हातमागाचं, तर शिवायला देण्याआधी एकदा भिजवून वाळवून घ्या. सुती आटतं, आणि जमिनीपासून एक इंच वर असलेला पडदा पहिल्या धुण्यानंतर तीन इंच वर गेला की इलाज नसतो. पॉलिस्टर आटत नाही, ऊन सोसतं, लवकर वाळतं. पावसाळ्यात ज्या घरात कपडे वाळायची मारामार असते तिथे त्याला नाकं मुरडू नका. पश्चिमेच्या खिडकीला गडद रंगाचं सुती कापड लावलं तर उन्हाच्या बाजूने ते विटणारच, तिथे मागून अस्तर लावा. झोपायच्या खोलीला ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं कापड, घेताना दुकानातच कापड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून बघा. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळच्या आणि देवघरात समईजवळच्या खिडकीला मात्र लोंबता पडदा लावूच नका. आणि शिवायला द्यायचं असेल तर गणपती-दिवाळीच्या बरंच आधी द्या. सणाच्या तोंडावर शिंप्याकडे गर्दी असते आणि दुमडी घाईत मारल्या जातात.

शिंप्याला एक गोष्ट ठासून सांगा: प्रत्येक पडद्यात रिंगा सम संख्येत हव्यात. चार फुटी पडद्याला आठ. सम असल्या की पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. सात किंवा नऊ असल्या तर एक कड भिंतीकडे जाते आणि दुसरी खोलीत तोंड काढून उभी राहते, ती कितीही दाबली तरी परत बाहेर येते. वरच्या पट्टीत चार इंची बकरम (आतून लावायचं कडक कापड) घातलंय ना, तेही बघा. बकरम नसेल तर रिंगांच्या मधलं कापड वाकून पडतं.

रिंगचं आतलं भोक साधारण ४० मिलिमीटरचं असतं आणि त्यातून २५ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची रॉड सुखाने सरकतो. पाऊण इंची रॉड स्वस्त पडतो, पण लांब दाराला तो मध्ये वाकतो. दोन नळ्या एकात एक सरकणारा, लांबी कमी-जास्त होणारा रॉड रिंगच्या पडद्याला मी सुचवणार नाही. जिथे जाड नळी संपून बारीक सुरू होते तिथे रिंगा अडकतात. हार्डवेअरच्या दुकानात अखंड रॉड मापाने कापून मिळतो, तो घ्या. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर स्टील ३०४ ग्रेडचं मागा, खाऱ्या हवेत हलकं स्टील गंजतं आणि गंजाचे डाग रिंगांतून कापडावर उतरतात.

रॉड पाच-सहा फुटांहून लांब असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेट लागतोच. रिंग त्या ब्रॅकेटवरून पलीकडे जाऊ शकत नाही. मधून दोन्हीकडे उघडणाऱ्या पडद्याला त्याने काही बिघडत नाही, पण सगळा पडदा एकाच बाजूला सरकवायचा बेत असेल तर तो इथेच मोडतो. मग रॉड जाड घ्या, नाहीतर बेत बदला. भिंतीपासून रॉडचं अंतरही दुकानातच मोजून घ्या. रिंगच्या पडद्याच्या लाटा मागेही तेवढ्याच येतात, म्हणून भिंतीपासून साडेतीन-चार इंच हवेत. ग्रिल आत आलेली असेल किंवा खिडकीची झडप आत उघडत असेल तर आणखी. मागे जाळीचा पातळ पडदा लावणार असाल तर दुहेरी ब्रॅकेट आत्ताच घ्या, पुन्हा भिंत फोडायला नको.

भिंत कशाची आहे हे कळल्याशिवाय स्क्रू आणायला जाऊ नका. दाराच्या नेमकं वर काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, असतो, तो दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच भिंतीत शिरलेला असतो. म्हणजे एकाच रॉडचा मधला ब्रॅकेट काँक्रीटवर आणि कडेचे दोन विटेवर, असं सहज होतं, आणि दोन्हींशी वागणूक वेगळी. ड्रिल सुरू केल्यावर पहिला दीड-दोन सेंटिमीटर गिलावा जातो, तो सगळीकडे सारखाच लागतो. त्यानंतर जी भुकटी पडते तिच्याकडे बघा. लाल आली तर वीट. राखाडी आणि पिठासारखी बारीक आली, बिट हळू चालायला लागला, तर काँक्रीट; तिथे हॅमर ड्रिलच हवं. आणि बिट लोण्यात शिरल्यासारखा झपकन आत गेला, भुकटी हलकी, फिकट, भसाभस पडली, तर हलक्या ब्लॉकची भिंत, नव्या इमारतींत ती बरीच असते. तिथे हॅमर बंद करून साध्या फिरक्यावर भोक पाडा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात आधी ठोकतात ती प्लास्टिकची नळी) गरगर फिरते. आणि ८ मिलिमीटरची लांब नायलॉनची गिट्टी वापरा. वीट आणि काँक्रीटला ६ मिलिमीटरची नेहमीची गिट्टी आणि ४० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो, फक्त गिट्टी गिलाव्याच्या पार आत गेली पाहिजे. गिलाव्यात अडकलेली गिट्टी पडद्याच्या वजनाने आज ना उद्या निघते. काँक्रीटमध्ये बिट एकाएकी थांबून धातूचा आवाज आला तर सळई लागली. जोर करू नका, इंचभर सरका. स्विचबोर्डच्या आणि एसीच्या पॉइंटच्या सरळ वर आणि सरळ आडव्या रेषेत वायरिंगचा पाइप असू शकतो, तिथे भोक नकोच. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा, आणि जुन्या भाडेकरूची भोकं कामाला येतात का ते बघा.

आदल्या दिवशी एका टबमध्ये सगळं गोळा करून ठेवा: ड्रिल, भिंतीत भोक पाडायचे ६ आणि ८ मिलिमीटरचे दगडी बिट, गिट्ट्या दोन-चार जास्त, स्क्रू, स्टारचा स्क्रूड्रायव्हर, हातोडी, टेप, पेन्सिल, पाणसळ, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, एक्स्टेंशन बोर्ड. ॲल्युमिनियमचा घोडा नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून डोक्यावर ड्रिल धरणं मला अजिबात मान्य नाही. खाली घोडा धरायला एक माणूस हवाच. सोसायटीत दुपारी आवाजाची बंदी असते, ती वेळ विचारून घ्या. ८८ इंचांवर मोबाइलची पाणसळ चालत नाही; पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी दोन टोकं जुळवतात तशी जुळवा, पाण्याच्या दोन रेषा खोटं बोलत नाहीत. भोक पाडायच्या जागेखाली एक पाकीट उघडं करून चिकटपट्टीने लावा, निम्मी भुकटी त्यातच पडते.

आधी कडेचे दोन ब्रॅकेट, मग त्यांच्यात रॉड ठेवून मधल्याची खूण. रॉड परत काढून खाली आणा आणि पडदे जमिनीवर बसून ओवा. सगळे पडदे इस्त्री करून झालेले असावेत, वर गेल्यावर इस्त्री होत नाही. रॉड पहिल्या रिंगमध्ये पडद्याच्या सुलट बाजूने आत घाला, दुसरीतून परत सुलट बाजूला काढा, असं शेवटपर्यंत; म्हणजे कडा भिंतीकडे जातात. मधल्या ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पडदे पडतील याची मोजणी इथेच करा. दोन्ही टोकांना एकेक रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, ब्रॅकेट आणि बोंडाच्या (रॉडच्या टोकावरच्या टोपणाच्या) मध्ये ठेवा, मग पडदा ओढला तरी कड जागची हलत नाही आणि बाजूने फट राहत नाही. वर चढवल्यावर प्रत्येक लाट वरपासून खालपर्यंत हाताने दुमडून, सगळा पडदा गोळा करून कापडी पट्ट्यांनी तीन ठिकाणी सैल बांधा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कापडाला घडीची सवय लागते.

उरलेल्या गिट्ट्या, स्क्रू आणि चार जादा रिंगा एका डबीत घालून तिच्यावर खोलीचं नाव आणि पडद्याचं माप लिहा. या रिंगा दोन भागांच्या, एकमेकांत दाबून बसवलेल्या असतात. उन्हाने कडक होऊन एखादी तडकली तर तेवढीच बदलता येते, आणि त्या रंगाची रिंग नंतर दुकानात मिळेलच असं नाही.