छताखालच्या फुटबॉलमध्ये टिकायचं असेल तर

कॉलेजचा शेवटचा हंगाम संपलाय, एनएफएलकडून, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगकडून, फोन आलेला नाही आणि तरी खेळणं सोडवत नाही, अशा मुलांसाठी हे लिहिते. मी आयोवात अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे, इनडोअर फुटबॉल, म्हणजे छताखाली छोट्या मैदानावरचं अमेरिकन फुटबॉल, खेळणाऱ्यांचे घोटे बांधते. आता इथल्या मराठी घरांतली मुलंही विचारू लागली आहेत.

कर्ट वॉर्नर इथे सगळ्यांना पाठ आहे. १९९४मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्स संघाने त्याला सोडलं. इथल्याच सीडर फॉल्सच्या हाय-व्ही या किराणा दुकानात तो तासाला ५.५० डॉलरवर फळ्यांवर माल लावायचा. पुढे आयोवा बार्नस्टॉर्मर्स या इनडोअर संघाकडून खेळला आणि जानेवारी २०००मध्ये सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. मी मात्र फ्रेड जॅक्सनचं उदाहरण देते. सू सिटी बँडिट्स या इनडोअर संघाकडे खेळताना तो अडचणीतल्या मुलांचा समुपदेशक म्हणून नोकरीही करत होता. एनएफएलचा बफलो बिल्स संघ त्यानंतर आला. इनडोअरचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट, मानधन तुटपुंजं. तेव्हा उरलेल्या महिन्यांची नोकरी आधी ठरव, संघ मग.

मैदानावरची एकच जागा खेळता येत असेल तर दुसरी शीक. इनडोअरच्या अरीना फुटबॉल लीगमध्ये २००६पर्यंत बहुतेकांना आक्रमण आणि बचाव दोन्ही खेळावं लागे. तो नियम गेला, पण संघात माणसं अजूनही मोजकीच असतात. लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतला खेळाडू, असशील तर लाँग स्नॅप, म्हणजे पायांमधून चेंडू लांब मागे फेकणं, शीकच. एक जण जायबंदी झाला की प्रशिक्षक दोन कामं येणाऱ्यालाच बोलावतो.

आता भिंत. मैदान ५० यार्ड लांब, जेमतेम ८५ फूट रुंद, दोन्ही बाजूंचे ८-८ खेळाडू आणि कडेला गादी लावलेल्या फळ्या. बाहेर पळून सुटायला जागाच नाही. रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, तर डाव सुरू होण्याआधीच पुढे धावायची मुभा असते, त्यामुळे तो भरधाव येऊन आदळतो. आदळताना हात पुढे टाकू नकोस, मनगट जातं. हनुवटी छातीशी घे, अंग वळव, खांदा आणि कुल्ला एकदम लागू दे. आधी चालत कर, मग जॉगिंग करत, पॅड घालून. उंच खिळ्यांचे बूटही घरीच ठेव. टर्फच्या खाली बहुधा काँक्रीट असतं. पाय अडकला तर गुडघा पिळवटतो. छोट्या रबरी गाठींचे टर्फ शूज घे.

करारावर सही करण्याआधी पैशांचं शेवटी विचार. राहायला कुठे आणि एका खोलीत किती जण? सामन्यांखेरीजच्या दिवशी जेवण कोणाचं? दुखापतीचा विमा, म्हणजे वर्कर्स कॉम्पेन्सेशन, कोणत्या राज्यातला? संघाने मध्येच सोडलं तर परतीचं तिकीट कोण काढणार? उत्तरं ईमेलवर लेखी घे. फोनवर गोड बोलणारा आणि लिहून द्यायला टाळणारा व्यवस्थापक असेल, तर मी जाऊ नको म्हणेन. फी घेऊन निवड चाचणी असेल तर गेल्या वर्षी तिथून किती जण घेतले, ते विचार.

आणि आपल्या खेळाचं चित्रण स्वतःकडे ठेव. अरीना लीगने २००९चा हंगाम रद्द केला होता, २०१९मध्ये ती पुन्हा बंद पडली. संघ बुडाला की त्याचं व्हिडिओ खातंही जातं. दर सामन्यानंतर फाईल उतरवून घे. सर्वांत चांगले डाव सुरुवातीला लाव, प्रशिक्षक पुढचं बघेलच असं नाही. फाईलच्या नावात तुझं नाव, जागा, उंची, वजन आणि फोन नंबर घाल.