मे महिन्यात खांबावर चढण्याआधीचं पाणी

चंद्रपुरात मी लाइनमन आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमका भर दुपारी कूलरच्या लोडनं डीपीचा फ्यूज उडतो. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी दिवसभर नुसतं पाणी ढोसलं आणि चारच्या सुमारास खांबावरच दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. बेल्ट होता म्हणून वाचलो. खालून आमचे सीनियर ओरडले, "पानी त बदबदा पेतं, अन् मीठ कोन खाईन बे?"

तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर दोन पेले पाणी, आणि जेवण भाकरी, वरण, लोणचं असं खारट. उन्हात काम सुरू असताना दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. तासाभरात दीड लिटरच्या वर मात्र जायचं नाही. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. गडद झाली, जळजळली, म्हणजे उन्हाळी लागली, पाणी कमी पडतंय. दुपारी मीठ-जिरं घातलेलं ताक, नाहीतर कैरीचं पन्हं. फार घाम गेला तर ओआरएस. आमचे पोट्टे अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी टाकतात, ते चूक. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्यानं मिठाचं आधी डॉक्टरांना विचारावं.

आता पाणी कुठलं, हा खरा प्रश्न. लाल रंग मारलेल्या, म्हणजे पाणी पिण्याजोगं नसलेल्या हातपंपाचं मी पीत नाही. आमच्या जिल्ह्यात काही बोअरला फ्लोराइड आहे आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. विहिरीचं असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारतो, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं? ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे थेंब नमुन्यात टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. शंका असली की घरी चार पदरी धोतरातून गाळून खळखळ उकळायचं, उकळी आल्यावर निदान एक मिनिट. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत; आमच्या आईला हे अजून पटत नाही.

तिचा माठ मात्र नमुना आहे. नवा माठ रात्रभर भिजवायचा, पहिलं पाणी झाडाला. आतून काथ्यानं घासायचा, साबण नाही, नाहीतर छिद्रांत बसून वास येतो. वर झाकण, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढायचं. पेला बुडवला की ती हातावर फटका देते. मी पन्नाशीला आलो तरी.

सोबतचा कोणी बरळायला लागला, अंग तापलेलं, तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागतो. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

माझ्या बाटलीला जुना सुती मोजा असतो. तो भिजवून गाडीच्या हँडलला अडकवतो. कोरड्या वाऱ्यानं बल्लारपूर येईपर्यंत पाणी गार. मुंबईचा मेहुणा म्हणतो, आमच्याकडे नाही होत. होणार कसं, तिथल्या दमट हवेत मोजा वाळतच नाही.