समतोल रविवारवर ढकलू नका: मुंबईकरांनी या चुका टाळा

सोमवार ते शनिवार पहाटेची लोकल, उभ्याउभ्या चहा, रात्री दहाला जेवण. मग रविवारी उशिरापर्यंत झोप, दुपारी पोट तडस लागेस्तोवर मटण-भात, आणि संध्याकाळी ‘उद्यापासून सगळं बंद’ असा निश्चय. सहा दिवसांची ओढाताण एका दिवसात भरून निघेल, हीच मुळात चूक आहे. बाकीच्या चुका तिच्यातूनच निघतात.

सुट्टीला दहापर्यंत झोपणं

सोमवारी अंग जड, डोकं बधिर आणि गाडीत दांडीला धरून डुलक्या. याचं खापर आपण सोमवारवर फोडतो, पण कारण रविवारच्या सकाळी असतं. रोज पाचला उठणारा माणूस दहाला उठला की शरीराचं घड्याळ पुढे ढकललं जातं. रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही, आणि पाचचा गजर तर ठरलेलाच. म्हणून सुट्टीलाही नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशीर करू नका. झोप राहिलीच असेल तर दुपारी तीनच्या आत वीसेक मिनिटं पडा.

मोठ्या माणसाला रात्री किमान 7 तास झोप हवी. बदलापूर-विरारहून येणाऱ्यांना ती मिळवणं खरोखर कठीण आहे. प्रवास कमी करणं आपल्या हातात नाही, पण अंथरुणात मोबाइलवर जाणारा अर्धा-पाऊण तास नक्की आहे. तिथूनच सुरुवात करा.

एकदम धावायला लागणं

जानेवारीतली मॅरेथॉन जवळ आली की मरीन ड्राइव्हवर नवे बूट दिसू लागतात. सवय नसताना पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर धावलं की गुडघा बोलणारच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटला जाणाऱ्यांनी शेअर टॅक्सीची रांग सोडून झपझप चालावं: जाऊन-येऊन साधारण अर्धा तास, पाच दिवसांत हिशेब पुरा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. स्नायूंचा ठणका दोन-तीन दिवसांत ओसरतो. सांधा सुजला किंवा आत टोचू लागलं तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

चहा एका दिवसात सोडणं

दिवसाला सहा कटिंग घेणाऱ्याने अचानक बंद केलं की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि निश्चय मोडतो. एकेक कप कमी करा, आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करा. चहातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. सहाचा चहा अकराची झोप बिघडवतो तो असा.

उपवासाला दुप्पट खाणं

संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, मग वेफर्स, मग पुन्हा खिचडी, आणि चंद्रोदयानंतर दिवसभराचं उट्टं काढणारं जेवण. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, ताक, एखादं फळ घ्या. उपवास सोडताना ताट रोजच्याइतकंच वाढा, मोदक एक-दोनच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण उपाशीपोटी साखर एकाएकी खाली जाऊ शकते.