कॉम्प्युटर 'फट्' करून बंद पडला? या चुका टाळा

मे-जूनमध्ये वावधन सुटलं की रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात आणि त्याच संध्याकाळी कुठे सेतू केंद्रातला, कुठे कृषी केंद्रातला कॉम्प्युटरही जातो. 'फट्' आवाज, जळका वास, स्क्रीन काळी. अशा वेळी बहुधा एसएमपीएस गेलेला असतो, म्हणजे 230 व्होल्टचा एसी घेऊन 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा डीसी देणारा पत्र्याचा डबा. तो बदलता येतो. मोठं नुकसान होतं ते नंतरच्या घाईने.

पुन्हा बटण दाबून बघणं

वास आला असेल तर बटण दाबू नका, प्लग काढा. दुसरं काम कॉम्प्युटरकडे नाही, घरातल्या दिव्यांकडे बघण्याचं. आपल्याकडचा बल्ब भगभगतोय आणि शेजारच्याकडे मिणमिणतोय, तर न्यूट्रल सैल आहे किंवा तुटलाय. थ्री फेज लाइनवर न्यूट्रल गेला की 230 च्या जागी 400 व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. आधी मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा. ते न करता नवा एसएमपीएस लावला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि दोष मात्र दुकानदाराला मिळतो.

लाइन दुरुस्त झाल्यावर सॉकेटमध्ये दाब मोजून घ्या. मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवायचा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास हवं, न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्टच. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नावाला तीन पिनचा प्लग उरतो. त्या खड्ड्यात पाणी ओतायला कोणालाच आठवत नाही. मोजायचं जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

'स्पाइक गार्ड होता ना!' असं हमखास ऐकू येतं. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो. मिनिटभर टिकलेला 350 व्होल्टचा दाब त्याचं काम नव्हे, त्यात तो स्वतःच जळतो.

'फ्यूजमध्ये तार टाकून द्या, भाऊ'

एसएमपीएसमधला फ्यूज उगाच उडत नाही. आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा व्हॅरिस्टर (जास्तीचा दाब झेलणारा भाग) शॉर्ट झालेला असतो. तार टाकली तर पुढचा भडका फ्यूज अडवणार नाही. शिवाय आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही 300 व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. सवय नसेल तर डबा उघडू नका.

पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं समजणं

24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरवून बघतात. मदरबोर्डापासून सगळे कनेक्टर काढून केली तर ही चाचणी ठीक आहे, पण त्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं. लोडसाठी जुना डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि मोजा: पिवळी तार 11.4 ते 12.6, लाल 4.75 ते 5.25, नारिंगी 3.14 ते 3.47 व्होल्ट. जांभळीवर बटण न दाबताही 5 व्होल्ट हवेत. बऱ्याच नव्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात, तिथे पिनचा नकाशा बघूनच हात घाला.

सगळं एकदम जोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवा एसएमपीएस आला की हार्ड डिस्कसकट सगळं जोडून चालू करतात. दुकानाचा टॅलीचा डेटा त्या डिस्कवर आणि बोर्ड शॉर्ट आहे की नाही, हे अजून माहीतच नाही! आधी फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एकच रॅम. ऑनबोर्ड डिस्प्ले असेल तर ग्राफिक्स कार्डही बाहेर. पंखा झटका देऊन थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढून प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनचा कनेक्टर सोडवा. आता पंखा फिरत राहिला, तर त्याच भागातल्या मॉसफेटवर संशय घ्या आणि बोर्ड दुरुस्तीला द्या.

बोर्ड व्यवस्थित चालला की शेवटी डिस्क. डिस्क जोडताच एसएमपीएस बंद पडत असेल, तर तिच्या सर्किटवरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असू शकतो. बऱ्याचदा हा डायोड स्वतः मरून डिस्क वाचवतो. दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून बसवू नका, कारण आजच्या डिस्कमध्ये त्या-त्या डिस्कची माहिती सर्किटवरच्या चिपमध्ये असते. डेटा मोलाचा असेल तर डिस्क रिकव्हरीवाल्याकडेच न्या. डिस्क चालली, तर आधी बॅकअप घ्या आणि मग पुढचं काम.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस घेतला तर जुन्या केबल वापरू नका. एसएमपीएसकडची पिनरचना कंपनीगणिक बदलते आणि 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की डिस्क संपते.

लेबलावरचे वॉट बघून खरेदी

'450 वॉट' या छापील आकड्याला फार महत्त्व देऊ नका. 12 व्होल्टच्या रांगेतले अँपिअर बघा, 12 ने गुणा, खरी ताकद तीच. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त. तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून थोडा मोठा आणि चांगल्या कंपनीचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्ह आहे का, हेही विचारा. स्क्वेअर वेव्हवर अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असलेले काही एसएमपीएस गुणगुणतात, तर काही लाइट गेल्याबरोबर बंद पडतात.