जखम भरत नाही? मग ट्यूब बदलत बसू नका

चोपडा तालुक्यात सतरा वर्षं जखमांचं ड्रेसिंग करतेय. त्वचेच्या कॅन्सरबाबत लोक त्याच त्या चुका करतात आणि त्यातली एक फार महागात पडते.

ती म्हणजे भाजल्याच्या जुन्या वणावर झालेली जखम साधी समजणं. एका आजोबांच्या नडगीवर लहानपणी उकळतं पाणी सांडलं होतं. पन्नास-एक वर्षांनी त्याच वणाच्या मधोमध जखम उघडली. दीड वर्ष त्यांनी कधी मेडिकलवरची ट्यूब लावली, कधी हळद, कधी कुणी दिलेली पांढरी पावडर. माझ्यासमोर पट्टी सोडली तेव्हा आधी वास आला. कडा टणक, वर उचललेल्या, मध्ये फुलकोबीसारखं मांस, बोट लागलं की रक्त. इतके दिवस का थांबलात विचारलं, तर म्हणाले, "दुखस नही ना ताई, मंग कशाना कॅन्सर?" धुळ्याला बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी झाली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

वणात संवेदना आधीच कमी असते, म्हणून दुखत नाही. जुन्या वणात होणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. अशा जखमांचं वर्णन मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं १८२८ मध्येच केलं होतं. दुखत नाही हे ऐकलं की मला उलट धास्ती वाटते. महिनाभर नीट ड्रेसिंग करूनही जखम भरली नाही, किंवा भरून पुन्हा फुटली, तर मी डॉक्टरांच्या मागे लागते की तुकडा तपासायला पाठवा. आठ दिवसांत तीन ट्यूब बदलणाऱ्यांचा मला राग येतो. मेडिकलवर न विचारता मिळणाऱ्या त्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. ते खाज आणि लाली दाबतं, आजार आत तसाच राहतो.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढून टाका. बायोप्सीशिवाय निदानच होत नाही.

दुसरी चूक बायकांची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधायची. कापूस वेचणीच्या दिवसांत तर ओटीचं ओझंही तिथंच लोंबतं, वर घाम आणि धूळ. कमरेवर काळी, खवलेदार पट्टी उमटते. ती खाजवून खाजवून फुटते आणि क्वचित तिथं कॅन्सर होतो. टाटा मेमोरिअलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या गाठीखालच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. मी स्वतः नाडी काढून रुंद इलास्टिक घातलं, घरी आलं की गाऊन. माझ्या आईला हे पटवायला दोन वर्षं लागली. पट्टीवर जखम झाली असेल तर लाजू नका, सिस्टरला दाखवा.

उन्हाचं थोडक्यात सांगते. सावळ्या कातडीला थोडं संरक्षण असतं, पण म्हणून उघड्या मानेनं दिवसभर केळीत राबायचं नाही. टोपी कान झाकत नाही, बागायती रुमाल झाकतो. आणि 'बारा टळले, आता निघू' हे चुकीचं. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तोच साडेबाराच्या सुमारास. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड आहे तोवर सावलीतलं काम करा. जन्मतः कातडीत रंग नसलेल्या लेकरांना मात्र पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन रोज हवंच, त्यात सूट नाही.

राहिले तळपाय. आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली निघतो, जिथं कुणी बघत नाही. नवा काळा डाग, वाढत जाणारा, वेड्यावाकड्या कडांचा, किंवा एकाच नखात रुंदावत चाललेली काळी उभी रेघ दिसली, तर 'काटा मोडला असेल' म्हणून सुईनं कोरू नका, त्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. मी दर रविवारी अंघोळीनंतर पाय पुसतानाच तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं पाहते. ज्यांना वाकता येत नाही, त्यांनी नातवाला बोलवावं आणि अंगणातल्या उजेडात पाय त्याच्या मांडीवर ठेवावेत.